नरक्या

मागच्या वर्षी आपल्या रविवारच्या वर्गात आम्ही ‘देवराई’ हा शब्द शिकत होतो. देवराई म्हणजे देवासाठी राखलेलं जंगल. तिथे कुऱ्हाड चालवायची नाही, वाळलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. मी स्क्रीनवर फोटो दाखवत होतो आणि बोलता बोलता म्हणून गेलो की अशा जंगलांत औषधी झाडं असतात, काही तर कॅन्सरवरच्या औषधाची. दुबईहून वर्गात येणाऱ्या एका मुलीनं लगेच माइक सुरू केला.

“काका, झाडात औषध असेल तर ते झाड तोडायचं की नाही तोडायचं?”

मी म्हटलं, “छान प्रश्न आहे.” शिक्षकाला उत्तर येत नसलं की तो असंच म्हणतो. मग वेळ संपली, सगळ्यांनी हात हलवले आणि खिडक्या एकेक करून बंद झाल्या. पण तो प्रश्न माझ्याकडे राहिला. खरं तर तो माझ्याकडे त्याच्याही आधीपासून होता. या पुस्तकासाठी काहीतरी लिहून द्या असं शाळेनं सांगितलं, तेव्हा ठरवलं की तेच लिहायचं. थोडं लांबेल, कारण उत्तर आमच्या घरातून जातं.

माझं गाव कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्यात, आंबा घाटाच्या जवळ. घाट उतरला की कोकण. पावसाळ्यात आमच्याकडे पाऊस पडत नाही, तो राहायलाच येतो. जूनमध्ये आला की दसऱ्याच्या आसपास जातो. कपडे वाळत नाहीत, चुलीतली लाकडं पेटत नाहीत, आणि जुलै-ऑगस्टमध्ये वरच्या रानात गेलं की एक घाण वास येतो. काहीतरी कुजल्यासारखा. तो मेलेल्या जनावराचा नसतो, फुलांचा असतो. झाड लहानसंच, फुलंही लहान, फिकट पिवळसर. पण वास असा की आमच्या पूर्वजांनी त्याचं नावच ‘नरक्या’ ठेवलं. नरकासारखा वास येणारा तो नरक्या.

या झाडाची गावात काही किंमत नव्हती. आंब्याला फळ, फणसाला फळ, सागाची दारं-खिडक्या, ऐनाची लाकडं. नरक्याचं काय करायचं? मुलांना रागावताना मोठी माणसं म्हणायची, “जा, नरक्याखाली जाऊन बस.”

१९९९ साली, मी सहावीत असताना, आमच्या गावात एक व्यापारी टेम्पो घेऊन आला आणि म्हणाला, नरक्या विकत घेतो. खोड, फांद्या, मुळं, सगळं. वजनावर पैसे. पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी घेऊन रानात गेले.

आमच्या वरच्या रानात बांधाबांधानं बरीच झाडं होती. आमच्या आप्पांनी (मी वडिलांना आप्पा म्हणतो) चार दिवसांत ती सगळी तोडली. व्यापाऱ्याला मुळंही हवी होती, म्हणून नुसती तोडली नाहीत, पहारीनं खणून काढली. खोडाला पुन्हा फूट येते, पण मूळच काढलं तर काय फुटणार? लाकडाच्या मोळ्या खाली रस्त्यापर्यंत आणायचं काम माझ्या आत्तीचं. आमच्याकडे वडिलांच्या बहिणीला आत्ती म्हणतात, पुस्तकात तुम्ही ‘आत्या’ वाचता. ती आप्पांपेक्षा मोठी. नवरा लवकर गेल्यावर माहेरी परत आली आणि मग आमचं घर तिनंच चालवलं. डोक्यावर चुंबळ ठेवायची, म्हणजे कापडाची गोल गुंडाळी, तिच्यावर मोळी, आणि चिखलातून ती अशी उतरायची की बघणाऱ्याचा श्वास अडकावा.

टेम्पोजवळ मोळी टाकून तिनं व्यापाऱ्याला विचारलेलं मला स्पष्ट आठवतं.

“हे घाण झाड नेऊन करता तरी काय वो?”

“मुंबैला जातंय मावशी. तिथनं परदेशात. औषध करत्यात.”

“कशाचं?”

“मोठ्या रोगाचं.”

आत्ती खो खो हसली. “नरक्याचं औषध! मग आमच्या उकिरड्याचं अत्तर बी करा की.”

त्या पैशांतून मला सायकल मिळाली. जुनीच, दुसऱ्याची वापरलेली, लाल रंगाची. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. हायस्कूल सात किलोमीटरवर. माझ्या वर्गातल्या ज्यांच्याकडे सायकल नव्हती, त्यांतल्या बऱ्याच जणांची शाळा तिथेच थांबली. मी त्या सायकलवरून हायस्कूलला गेलो, मग कोल्हापूरला इंजिनिअरिंगला, मग पुण्यात नोकरी, आणि २०१४ साली इथे, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, कॅरी या गावात. इथे इतके मराठी लोक आहेत की दुकानात कोथिंबीर घेताना हळू बोलावं लागतं.

माझं ऑफिस ‘रिसर्च ट्रँगल पार्क’मध्ये होतं. नावात पार्क असलं तरी ते बागेचं नाही. पाइनच्या झाडांमध्ये लपलेल्या कंपन्या आणि प्रयोगशाळा, एवढंच. रोज सकाळी मी त्याच रस्त्यानं जायचो. एका वळणावर ‘आरटीआय’ अशी पाटी होती. ती मी शेकडो वेळा पाहिली असेल. तिथे काय चालतं, हे कधी विचारलं नाही.

२०१६ मध्ये आत्तीचं पोट फुगायला लागलं. तिला वाटलं गॅस झालाय. ओवा खाल्ला, हिंग लावला. दोन महिने असे गेले आणि मग कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, अंडाशयाचा कॅन्सर आहे. हा आजार असाच असतो, सुरुवातीला साध्या पोटदुखीचं सोंग घेऊन येतो. ऑपरेशन झालं. मग केमोथेरपी. माझा चुलतभाऊ दर वेळी औषधांच्या कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा. इतक्या लांबून मी दुसरं काय करणार? मी एक एक्सेल शीट बनवलं. तारीख, औषधाचं नाव, किती दिलं, रक्ताचे आकडे. सॉफ्टवेअरवाल्या माणसाला दुःख झालं की तो तक्ता बनवतो, असं माझी बायको म्हणते.

त्या तक्त्यात सहा ओळींत एकच नाव होतं: पॅक्लिटॅक्सेल. सोबत कार्बोप्लॅटिन नावाचं दुसरं औषध. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून. आत्तीचे केस गेले. त्याचं तिला फार वाटलं नाही, पदर डोक्यावरून असायचाच. पण बोटांना मुंग्या येऊ लागल्या आणि मग बोटं बधिर झाली. फोनवर म्हणाली, “तांदूळ निवडायला बसते तर खडा बोटाला लागतच न्हाई बघ. डोळ्यानं हुडकावा लागतो.” हा त्या औषधाचाच परिणाम, मी वाचलं होतं. पण जिनं आयुष्यभर हातांनी सगळं ओळखलं, तिच्या तोंडून ते ऐकताना माझ्या घशात काहीतरी अडकलं.

ती बरी झाली. दोन वर्षं चांगली गेली. माझ्या मुलीचं बारसं तिनं व्हिडिओ कॉलवर गाणी म्हणून केलं. २०१८ च्या शेवटी आजार परतला. आता तक्त्यात नवीन नाव आलं: टोपोटेकॅन. ओळीनं पाच दिवस सलाइन, मग विश्रांती, मग पुन्हा पाच दिवस. नोव्हेंबर २०१९ मध्ये आत्ती गेली. मी पोचलो तो तिसऱ्या दिवशी, रक्षाविसर्जनाला.

पुढच्या एप्रिलमध्ये सगळं जग घरात कोंडलेलं होतं. मीही. स्वयंपाकघराच्या टेबलावर ऑफिस, शेजारी मुलीचे रंग सांडलेले. एका दुपारी इथल्या बातम्यांत एका शास्त्रज्ञाच्या निधनाबद्दल वाचलं. नाव, मनसुख वाणी. वय ९५. इथून अर्ध्या तासावरच्या चॅपल हिलमध्ये राहत होते. जन्म १९२५, नंदुरबार.

नंदुरबार! म्हणजे खानदेश. महाराष्ट्राचं अगदी वरचं टोक. मी पुढे वाचलं. मुंबई विद्यापीठात शिकले, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात पीएच.डी. केली. १९६२ पासून नोकरी रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजेच आरटीआय. माझ्या रस्त्यावरची ती पाटी. तिथे त्यांनी आणि मन्रो वॉल या त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडांमधून कॅन्सरवरचे दोन पदार्थ शोधून काढले. एकाचं नाव टॅक्सॉल. त्यालाच आता पॅक्लिटॅक्सेल म्हणतात. दुसऱ्याचं कॅम्प्टोथेसिन, आणि त्यापासून बनतं टोपोटेकॅन.

मी लॅपटॉपवर आत्तीचा तक्ता उघडला. दोन्ही नावं होती. त्या दिवशी ऑफिसचं काम झालं नाही.

मग मी रात्री रात्री वाचत बसलो. ते सगळं इथे सांगत नाही, तुम्ही कंटाळाल. पण टॅक्सॉलची गोष्ट सांगितल्याशिवाय त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण होणार नाही.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यांत, फार जुनी, उंच जंगलं आहेत. त्यांत डग्लस फरसारख्या राक्षसी झाडांच्या सावलीत एक बुटकं, वाकडं झाड वाढतं, पॅसिफिक यू. वाढही फार हळू. लाकूडतोड करणाऱ्या कंपन्यांना ते नको असायचं. मोठी झाडं नेताना यू मध्ये आला तर तोडायचा, उरलेल्या कचऱ्यासोबत ढीग करायचा आणि जाळून टाकायचा. थोडक्यात, तिकडचा नरक्याच.

१९६० मध्ये अमेरिकन सरकारनं एक मोठं काम हाती घेतलं: देशभरातल्या हजारो वनस्पती गोळा करायच्या आणि कॅन्सरच्या पेशींवर त्यांचा काही परिणाम होतो का ते तपासायचं. त्या कामावर असलेल्या आर्थर बार्कले नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९६२ साली वॉशिंग्टनच्या जंगलातून यूची साल गोळा केली. (मराठीत ‘साल’ म्हणजे वर्ष आणि ‘साल’ म्हणजे झाडाची कातडीसुद्धा. १९६२ सालची साल!) ती पुढे वॉल आणि वाणी यांच्याकडे आली. त्यांनी तिच्यातून काम करणारा पदार्थ वेगळा काढला आणि त्याची आतली रचना कशी आहे ते १९७१ मध्ये जगाला सांगितलं. हे काम किती किचकट, याचा अंदाज एका आकड्यावरून येईल. १९६९ पर्यंत सुमारे १,२०० किलो साल वापरली होती आणि शुद्ध पदार्थ हाती आला होता १० ग्रॅम. चहाचे दोन-तीन चमचे साखर, तेवढाच.

तो पदार्थ पेशीला नेमकं काय करतो, हे १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या सुसान हॉर्विट्झ यांनी दाखवलं. मला ते असं समजलं. नवीन घर बांधताना बाहेरून बांबूंची परांची बांधतात, गवंडी तिच्यावर उभे राहतात. काम झालं की परांची सोडवतात. पेशी एकाची दोन होताना आत बारीक नळ्यांची अशीच परांची उभी राहते, आणि काम झाल्यावर ती मोडावी लागते. टॅक्सॉल ती मोडूच देत नाही. पेशी अडकून पडते आणि मरते. कॅन्सरच्या पेशी सारख्या एकाच्या दोन होत असतात, म्हणून त्यांना हा मार जास्त बसतो. पण नळ्या आपल्या नसांमध्येही असतात. आत्तीच्या बोटांना खडा लागेनासा झाला, तो त्यामुळेच.

१९८० च्या दशकात रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. १९८९ मध्ये कळलं की ज्या बायकांच्या अंडाशयाच्या कॅन्सरवर दुसरं काहीच चालत नव्हतं, त्यांतल्या काहींना या औषधानं फरक पडतोय. आणि इथे अडचण उभी राहिली. शंभर वर्षांच्या एका यूची साल म्हणजे साधारण एका डोसाचं औषध. साल सोलली की झाड मरतं. सहा डोस, सहा झाडं. आणि औषधाची वाट पाहणाऱ्या बायका हजारो.

त्याच जंगलांत एक ठिपक्यांचं घुबड राहतं. जुनी झाडं तोडल्यामुळे ते संपत चाललं होतं, आणि १९९० मध्ये अमेरिकन सरकारनं त्याला धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. म्हणजे एकीकडे घुबडासाठी जंगल वाचवायचं आणि दुसरीकडे माणसासाठी त्याच जंगलातली झाडं सोलायची. लोक भांडू लागले. झाड मोठं की आई मोठी, असे प्रश्न विचारले जाऊ लागले.

मला अशा प्रश्नांचा राग येतो. पण खरं सांगतो, १९९० मध्ये आत्ती त्या रांगेत असती तर मी स्वतः कुऱ्हाड घेऊन गेलो असतो.

या भांडणात एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटली होती. यू इतके कमी का उरले होते? औषधासाठी तोडल्यामुळे नाही. कित्येक वर्षं ते कचरा म्हणून जाळल्यामुळे. जंगल वाचवायला निघालेली माणसं तेच ओरडून सांगत होती. शेवटी १९९२ मध्ये कायदा झाला की सरकारी जंगलातले यू वाया घालवायचे नाहीत.

वाट मात्र प्रयोगशाळेतूनच निघाली. फ्रान्समधल्या पिएर पोतिए यांच्या गटाला दिसलं की युरोपात बागेच्या कुंपणाला लावतात त्या यूच्या पानांमध्ये टॅक्सॉलच्या अगदी जवळचा पदार्थ आहे. पानं कापली तर पुन्हा येतात, झाड मरत नाही. अमेरिकेत रॉबर्ट होल्टन यांनी त्या पदार्थापासून टॅक्सॉल बनवण्याची चांगली रीत शोधली. १९९४ मध्ये या रीतीला सरकारी मान्यता मिळाली आणि जंगलातल्या सालीची गरज संपत गेली. पुढे तर यूच्या पेशी मोठ्या टाक्यांमध्ये वाढवूनही हे औषध तयार होऊ लागलं. आत्तीच्या सहा बाटल्यांसाठी जंगलातल्या सहा म्हाताऱ्या झाडांना मरावं लागलं नाही.

पण ही गोष्ट सगळीकडे इतकी सरळ झाली नाही. यूचा एक भाऊ हिमालयात असतो, उत्तराखंडात त्याला थुनेर म्हणतात. औषधाची बातमी कळल्यावर त्याची पानं आणि साल इतकी ओरबाडली गेली की १९९५ पासून त्याच्या परदेशातल्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियम लावावे लागले.

आणि आपला नरक्या?

कॅम्प्टोथेसिन हे वाणी आणि वॉल यांना आधी सापडलं होतं, १९६६ मध्ये, एका चिनी झाडात. चिनी भाषेत त्या झाडाच्या नावाचा अर्थ होतो आनंदाचं झाड. मग १९७२ मध्ये मुंबईत, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात, टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना तोच पदार्थ सह्याद्रीतल्या एका झाडात सापडला. ते झाड म्हणजे नरक्या. गंमत बघा, एकच औषध, पण चीनमध्ये ते आनंदाच्या झाडात आणि आमच्याकडे नरकाच्या. पुढे काही लोक नरक्याला ‘अमृता’ही म्हणू लागले, तो भाग वेगळा.

सुरुवातीला या औषधानं रुग्णांना इतका त्रास झाला की चाचण्या थांबवाव्या लागल्या. १९८५ मध्ये ते कसं काम करतं हे कळलं. आपल्या पेशीत डीएनएचा लांब धागा असतो. त्याचा पीळ सोडवायला पेशी तो धागा एका जागी कापते आणि लगेच पुन्हा जोडते. हे औषध जोडूच देत नाही. मग शास्त्रज्ञांनी त्याच्या रचनेत बदल करून कमी त्रासाची औषधं बनवली, आणि १९९६ मध्ये त्यांतल्या दोन औषधांना मान्यता मिळाली. एक इरिनोटेकॅन, दुसरं टोपोटेकॅन.

१९९६. आणि आमच्या गावात टेम्पो आला १९९९ मध्ये. शंभर किलो लाकडातून किलोभरही कॅम्प्टोथेसिन निघत नाही, म्हणून टेम्पो भरभरून लाकूड हवं होतं. पुढे सह्याद्रीत ठिकठिकाणी वनखात्यानं नरक्याची लाकडं भरलेल्या गाड्या पकडल्या. आमच्या गावात तोवर पकडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

हे सगळं मी आप्पांना फोनवर सांगितलं. आप्पांची भाषा तुमच्या पुस्तकातली नाही, आणि फोनवर बोलायची त्यांना सवयही नाही. ते ऐकत राहिले. मध्येच मला वाटलं रेंज गेली.

“आप्पा, ऐकताय ना?”

“व्हय.” मग थोड्या वेळानं, “म्हंजे आक्काला दिलं ते त्याच झाडाचं?”

“तसंच औषध. त्या बाटलीतलं नक्की कुठल्या झाडाचं होतं ते कुणी सांगू शकणार नाही. चीनमधलंही असेल.”

“तवा किलोला काय भाव दिला रं त्यानं?”

“मला कसं आठवेल? मी लहान होतो.”

“मला बी आठवत न्हाई,” आप्पा म्हणाले. “सायकलीचं तेवढं आठवतंय.” आणि फोन ठेवून दिला.

मला वाटलं होतं ते अस्वस्थ होतील, वाईट वाटून घेतील. किंवा म्हणतील, पोटासाठी केलं, त्यात काय चुकलं. दोन्हीपैकी काहीच बोलले नाहीत. आणि मी तरी कोणत्या तोंडानं विचारणार? ती झाडं तोडली म्हणून तर मी इथे बसून हे वाचू शकत होतो.

२०२३ च्या दिवाळीला मी गावी गेलो. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा म्हणाले, “चल, वर जाऊन येऊ.” आम्ही वरच्या रानात गेलो. बांधावर जिथे नरक्या होता तिथे आता काजूची रोपं आहेत. काजू चांगला पैसा देतो, मी तक्रार करत नाही. आप्पा थांबले नाहीत. रानाच्या पलीकडे चढ चढून गेलो, आणि समोर देवराई.

लहानपणी आम्हाला तिथे जायची भीती वाटायची. देवीची जागा. आतलं पान जरी तोडलं तरी घरात कुणीतरी आजारी पडतं, असं आत्ती सांगायची. १९९९ मध्ये व्यापाऱ्यानं तिथली झाडंही मागितली होती, हे आप्पांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. जास्त भाव देत होता. कुणी तयार झालं नाही. औषधाची माहिती म्हणून नाही, जंगलावर प्रेम म्हणूनही नाही. देवीची भीती म्हणून. वर्गात मी तुम्हाला देवराई शिकवताना ‘पर्यावरणाचं रक्षण’ असा मोठा शब्द वापरला होता, तो आमच्या गावात कुणी वापरला नसता.

आत अंधार, थंडावा, पायाखाली ओल्या पानांचा थर. आप्पांनी हात करून दाखवलं. कडेलाच एक नरक्या उभा होता. माझ्या आठवणीपेक्षा बराच उंच. फुलांचे दिवस संपले होते, त्यामुळे वास नव्हता. फांद्यांवर लांबट, जांभळट काळी फळं होती. आणखी आत दोन झाडं दिसली. मी त्या खोडाला हात लावला. खरखरीत, थंड. जम्मूच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं होतं की पश्चिम किनाऱ्याकडच्या नरक्याच्या सालीच्या आत एक बुरशी राहते आणि तीही हेच औषध तयार करते. म्हणजे कधीतरी झाडाला हात न लावता औषध मिळेल, अशी आशा आहे. आप्पांना हे सांगावंसं वाटलं, पण बुरशीला आमच्याकडे काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना.

आप्पा खाली वाकून काहीतरी शोधत होते. देवराईच्या हद्दीला दगडांची एक ओळ आहे. झाडाची एक फांदी त्या ओळीच्या बाहेर आली होती, आणि तिच्याखाली काही फळं पडली होती. आतल्या बाजूलाही पडली होती, बरीच जास्त. आप्पांनी बाहेरचीच उचलली. एकेक करून, धोतराच्या सोग्यात.

“आतली पण घ्या की,” मी म्हटलं. “खालीच पडलीत.”

“आतली तिची,” आप्पा म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी बिया वेगळ्या केल्या, राखेत घोळल्या आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत माती भरून लावल्या. दिवस मोजून पाणी घालायला लागले. मी कॅरीला परत आलो. नंतरच्या फोनमध्ये ते माझ्या तब्येतीच्या आधी बियांबद्दल सांगायचे. अजून काही नाही. अजून काही नाही. मला वाटलं, गेलं ते.

जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर, चुलतभावाच्या फोनवरून एक फोटो आला. नेहमीप्रमाणे तिरका, अर्ध्या फोटोत आप्पांचा अंगठा. मागे घराच्या भिंतीला टेकवलेली माझी लाल सायकल. चाकं कधीच गेलीत, नुसता सांगाडा. त्या सांगाड्याच्या आडोशाला काळ्या पिशव्या रांगेनं मांडलेल्या. मी फोटो मोठा करून मोजलं आणि लगेच फोन लावला.

“सात दिसतायत, आप्पा.”

“नऊ हुती,” ते म्हणाले. “दोन शेळीनं खाल्ली.”